चालत्या पेशींचे सर

"रीता मॅडम, नाक दाबून या!" खुर्शीद सर आतूनच ओरडले.

मी नाक दाबूनच आले होते. आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे दोन विभाग शेजारी शेजारी, पण पाण्याचा नळ एकच आणि तोही त्यांच्याकडे. त्यामुळे माझ्या परीक्षानळ्या धुवायला जावं तर कधी फॉर्मलिनचा वास, कधी झुरळांचा. त्या दिवशी अंड्यांचा होता. सर नळापाशी उभे राहून एकेक अंडं फोडत होते, आत डोकावत होते आणि मान हलवून बादलीत ओतत होते. मागे इन्क्युबेटरचा लाल दिवा विझलेला होता.

"पुन्हा लाइट गेली?"

"मागच्या हप्त्यापासून हेच चालू आहे. जाते, येते, पुन्हा जाते. बिचारं पिल्लू काय करंल?" त्यांनी एक अंडं माझ्यापुढे धरलं. "इथी अडीच दिवसांचा जीव पाहिजे होता. पहिल्याच दिवशी आटोपलं त्याचं."

चंद्रपुरात राहून विजेसाठी रडावं लागावं, यासारखा विनोद नाही. कोळसा आमचा, वीजघर आमचं, वाळत घातलेल्या चादरींवरची राख आमची, आणि उजेड मात्र मुंबई-पुण्याला. दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्याच गावात जन्मली असणार. मी तसं म्हटलं तर सर हसले, आणि हसता हसता शेवटचं अंडंही बादलीत गेलं.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. खुर्शीद सर तेव्हा चाळिशीला टेकले होते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या बाहीला कुठे ना कुठे कापसाचं बोंड चिकटलेलं. जटपुरा गेटच्या आत त्यांच्या वडिलांचं गादी-रजईचं दुकान होतं. खानदान पिंजाऱ्यांचं. घरातला एम.एस्सी. झालेला हा पहिलाच मुलगा, आणि वडील वारल्यावरही थंडीच्या दिवसांत कॉलेज सुटलं की भावाच्या मदतीला दुकानात बसणारा. मुलं त्यांना मागून 'कोंबडीवाले सर' म्हणत. मी म्हणायचे 'चालत्या पेशींचे सर', आणि तेही समोरच म्हणायचे.

कारण त्यांचा सगळा जीव त्या पेशींत अडकलेला होता. अंड्यात पिल्लाची जुळवाजुळव सुरू होते तेव्हा काही मोजक्या पेशी बाजूला पडतात. पुढे त्या पिल्लाची स्वतःची पिल्लं याच पेशींमधून व्हायची असतात. पण गंमत अशी, की त्या तयार होतात पार डोक्याच्याही पुढे, आणि त्यांना राहायचं घर असतं मागे, कमरेकडे. मधली सगळी वाट त्यांना कापावी लागते. अर्धी वाट रक्ताच्या प्रवाहाबरोबर, आणि मग रक्तवाहिनीतून बाहेर पडून चक्क चालत.

"पेशीला पाय असतात का रे?" सर दर वर्षी वर्गात विचारायचे. मग सर खिशातून कापसाचा पुंजका काढायचे. तो नेहमीच असायचा त्यांच्या खिशात. बोटांनी पीळ देत त्याचा धागा ओढायचे. "पेशीच्या आत असे धागे असतात. याच्यापेक्षा लाखपट बारीक. पुढच्या अंगाला धागे वाढतात, पेशी पुढे फुगते, तिथं चिकटते. मग मागचे धागे आवळतात अन् मागचं अंग ओढून घेतात. पुढं विणायचं, मागं उसवायचं. हा पेशीचा सांगाडा. सायटोस्केलेटन. पण हाडांचा नाही, धाग्यांचा. हा नसता, तर आपण कोणीच इथं बसलो नसतो."

मागच्या बाकावरची मुलं त्या कापसाच्या वाती करून एकमेकांच्या कानात घालत. सरांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांची पीएच.डी. याच विषयावर होती. हैदराबादच्या एका मित्राने त्यांना एक औषध मिळवून दिलं होतं, बोटाच्या पेराएवढ्या कुपीत. ते अंड्यात सोडलं की पेशीतले धागे विरघळतात. मग त्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडू शकतात की तिथेच अडकतात, हे सरांना बघायचं होतं. "म्हणजे एखाद्याचे पाय काढून घ्यायचे अन् पाहायचं, चालते का," असं मी चिडवायचे. एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली चांगली, औषध न दिलेली स्लाइड दाखवली. फिक्या पसाऱ्यात जांभळट-लाल रंगाचे टपोरे ठिपके. "या पाहा, या पोचल्या. ही पोचूनच राह्यली. अन् ही एक अजून लांब आहे." लग्नघरी उतरणाऱ्या पाहुण्यांची खबर द्यावी तसे ते सांगत होते. पाच वर्षं हा माणूस हेच करत होता.

त्या वर्षी रमजान ईद नोव्हेंबरच्या शेवटी आली. मी दर वर्षीसारखी त्यांच्या घरी शीरखुर्मा खायला गेले. सरांची बायको फरहत आरमोरीची, बांगडीवाल्यांची लेक. आमच्या झाडीपट्टीची बोली माझ्यापेक्षा तीच चांगली बोलायची. गोरीपान, बारीक आवाजाची, आणि हाताला इतकी नेटकी की तिने भरलेल्या रजईचा टाका शोधून सापडायचा नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

सरांची अम्मी पलंगावर बसली होती. माझ्या हातात वाटी येताच तिने फरहतच्या देखतच सुरुवात केली.

"बेटी, तुम ही समझाओ इसको. बल्लारशाह में लड़की देखी है मैंने. गरीब घर की है, पर तंदुरुस्त है. अगले इतवार को ज़बान देने जा रही हूँ. फरहत को कोई निकाल थोड़ी रहा है? वो भी रहेगी, ये भी रहेगी."

मी सरांकडे पाहिलं. ते शेवया ढवळत बसले होते. मी फरहतकडे पाहिलं.

"आणखी घ्या ना, मॅडम," ती साधंच हसून म्हणाली आणि माझ्या वाटीत चमचाभर वाढलं.

अम्मीला दुष्ट म्हणण्यात अर्थ नाही. तिनेच सुनेला दर्ग्यांवर नेलं होतं, मार्कंड्याच्या जत्रेतल्या वैदूकडून मुळी आणून स्वतःच्या हाताने उगाळून पाजली होती. अकरा वर्षं थांबली म्हणजे तिच्या हिशेबाने ती खूपच थांबली होती. पण मी वाटी तशीच खाली ठेवली. राग आला तो सरांचाच.

दुसऱ्या दिवशी मी नळावर जायचं निमित्तही केलं नाही. सरळ जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"सर, दुसरं लग्न करून राह्यले म्हणे तुम्ही?"

त्यांनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला. मग उठून दार लोटून घेतलं.

"आम्ही दोघं उन्हाळ्यात नागपूरला गेलो होतो, मॅडम. दोघांच्याही तपासण्या झाल्या. फरहतचं सगळं ठीक आहे. माझ्यात कमी आहे. पक्कं समजावं म्हणून डॉक्टरनं छोटा तुकडा काढला अन् स्लाइड केली. मी म्हटलं, मी हेच शिकवतो, मले पाहू द्या. त्यांनी दिलं पाहू."

"मग?"

"आत बारीक नळ्या असतात. नळ्या अगदी छान होत्या, पुस्तकातल्यासारख्या. फक्त त्यांच्यात ज्यांनी असायला पाहिजे, त्या पेशी नव्हत्या. एकही नाही. मी सगळी स्लाइड सरकवून पाह्यली." ते टेबलावरच्या काचेवरून बोट फिरवत होते. "डॉक्टर म्हणे, काहींच्यात त्या आईच्या पोटात असतानाच पोचत नाहीत. नाहीतर पोचून नंतर मरतात. तुमच्यात काय झालं ते आता कोणीच सांगू शकत नाही. अन् मी तिथं बसलो होतो. पाच वर्षं मी कोंबडीच्या पेशी पोचल्या की नाही हेच मोजून राह्यलो, मॅडम."

जे पोटात होतं तेच माझ्या तोंडातून आलं. "मग अम्मीला सांगा ना! ती बिचारी फरहत सवतीला पाट मांडून द्यायची वेळ आली तिच्यावर, अन् तुम्ही शेवया ढवळता?"

"फरहतनंच शपथ घातली. म्हणते, मले बोलणी खायची सवय झाली. तुमच्यावर लोक हसलेले मले चालणार नाही. बाजारात, मशिदीत, कॉलेजात, कुठी कुठी तोंड लपवाल? मी म्हटलं दुसरं लग्न मी करत नाही. पण अम्मी विचारते, काऊन नाही? अन् मी गप बसतो." त्यांनी टेबलावरची काच बाजूला सारली. "खरं सांगू? तिची शपथ मले सोयीची पडली."

हे ते स्वतःच बोलले, म्हणून माझा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा तसाच राहिला.

बोलता बोलता पुन्हा वीज गेली आणि इन्क्युबेटरचा पंखा थांबला. हैदराबादची कुपी फ्रिजमध्ये होती आणि फ्रिजही थांबला. असं आणखी दोन आठवडे चाललं असतं तर ते औषध पाण्याच्या मोलाचं झालं असतं. तेव्हा मी म्हटलं, "सर, माझ्या आईकडे गावठी कोंबड्या आहेत. थंडीत दोन-तीन तरी खुडूक असतातच. एकदा अंड्यांवर बसली की दाण्यालाही उठत नाही. तिला लोडशेडिंग नाही."

सरांचा चेहरा असा उजळला, की मला उगीचच बरं वाटलं.

रविवारी आम्ही तिघं गोंडपिपरीच्या एसटीत बसलो. त्याच रविवारी अम्मी बल्लारशाहला शब्द द्यायला जाणार होती, पण दुपारनंतर. फरहत मुद्दाम आली होती. अडीच दिवसांनी अंडी परत आणताना गार पडू नयेत म्हणून तिने लाकडी पेटीला आतून कापूस भरून गादी शिवली होती आणि ती पेटी मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली होती. सर वाटभर घड्याळ बघत होते. ते अंड्यांसाठी बघत होते की अम्मीच्या बससाठी, मला कळलं नाही.

आमचं गाव गोंडपिपरीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. धान घरी आलं होतं. आंगण नुकतंच सारवलेलं, सांदवाडीत म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत धानाच्या वाळक्या काड्यांचा, तणसाचा ढीग. आई वाटच बघत होती. आशाबाई म्हटलं की आमच्या गावात दोन गोष्टी प्रसिद्ध: तिच्या कोंबड्या आणि तिचं तोंड.

"हे कोंबडीचे मास्तर काय वं?" तिने मला विचारलं, सर समोर उभे असताना. "शिकून सवरून कोंबड्या राखून राह्यले?"

"हो, आशाबाई," सर म्हणाले. "त्याचाच पगार भेटते."

आईला उत्तर आवडलं. चहा झाला. तांबडी कोंबडी कोपऱ्यात पिसं फुलवून गुरगुरत होती. आईने टोपलीत तणीस घातलं, तळाशी कोळशाचा तुकडा आणि एक जुना खिळा ठेवला, म्हणजे ढग गडगडले तरी अंडी नासत नाहीत. मग धानाच्या कोठीतून साठवलेली अंडी काढली. सर पेन्सिल घेऊन बसले आणि एकेका अंड्यावर तारीख आणि वेळ लिहायला लागले. चार-पाच लिहून झाली. शेजारची मंगली भिंतीवरून डोकावत होती. फरहत पुढे सरकली आणि आईच्या हातात देण्यासाठी तिने एक अंडं उचललं.

आई तिच्याकडे कौतुकानेच बघत होती. "लेकरं किती वं बाई तुले?"

"नाई जी."

"एकबी नाई?"

"नाई."

"लग्नाले किती वर्सं झाले?"

"अकरा झाले जी."

आईचा हात तसाच थांबला. तिने फरहतच्या हातातलं अंडं हळूच काढून घेतलं. "राग नको मानू, पोरी. पण अंड्याले तुहा हात नको लागू देऊ. मागच्या साली अशानंच माहे अख्खे अंडे सडले."

"खरं हाय, माय," भिंतीवरून मंगली म्हणाली. "लेकुरवाळीचाच हात पाह्यजे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईला चार शब्द सुनवायला मी तोंड उघडलं. पण फरहतकडे लक्ष गेलं. तिने हात मागे घेतला, ओढणीला पुसला आणि ती हसली. अगदी साधं. "बरं जी," म्हणाली आणि जागेवर सरकून बसली. ते हसणं मला आजही आठवतं. ते मी ईदच्या दिवशी पाहिलं होतं, आणि ते अकरा वर्षं रोज कोणी ना कोणी पाहिलं असणार.

सर उठून उभे राहिले. हातात पेन्सिल तशीच.

"आशाबाई, थांबा जरा."

"जाऊ द्या ना जी," फरहत पुटपुटली. "कशाले?"

"कमी तिच्यात नाई," सर म्हणाले. आवाज वर्गात लागायचा तसा लागला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "नागपूरच्या डॉक्टरनं दोघांलेबी तपासलं. तिचं सगळं चांगलं आहे. लेकरू होत नाई ते माझ्यामुळं. फक्त माझ्यामुळं."

मंगलीने पदर तोंडाला लावला. आमच्या गावात भाजीत मीठ जास्त झालं तरी पुरुष ते बायकोच्याच माथी मारतो. तिथे एक पँट-शर्टातला माणूस, पाहुणा, दोन परक्या बायांपुढे उभा राहून हे बोलला होता. त्यांचे कान लालबुंद झाले होते. फरहतने मान इतकी खाली घातली होती, की तिचा चेहरा दिसत नव्हता.

आईने सरांना खालून वर न्याहाळलं. बाजारात कोंबडा पारखावा तसं.

"खरं सांगून राह्यले, मास्तर?"

"खरं."

"बायकोले वाचवाले त नाई बोलून राह्यले?"

"नाई, आशाबाई."

"मंग तुमी सरका मांगं," आई म्हणाली. "आणखी मांगं. तिथी, त्या खुंट्यापाशी उभे राहा. अंड्याले हात तुमचा नाई लागला पाह्यजे."

सर गोंधळले. पण सरकले.

आईने टोपली उचलली आणि फरहतच्या पुढ्यात ठेवली. "घे वं पोरी. तू ठेव. मले काय मालूम माय, मी आपली रीत बोलली." मग तिची नजर पेन्सिलीच्या खुणा केलेल्या अंड्यांवर गेली. "अन् यायले मास्तरचा हात लागला ना? हे बाजूले काढ. भाजीले होतीन."

"आशाबाई, त्यावर वेळ लिहिली आहे..." सर खुंट्यापासून कळवळून म्हणाले.

"रीते, तू लिव वेळ. तुले लेकरू हाय."

मी हसावं की रडावं या विचारात पेन्सिल घेतली. दोन्ही झालं. फरहत टोपलीशी बसली आणि एकेक अंडं तणसात मांडू लागली. आई तांबडीला उचलून आणेपर्यंत तिने सगळी अंडी अशी नेटकी लावली, की आई म्हणाली, "वा, सुपारी मांडल्यावानी."

दुपारी जेवायला अंड्यांचा रस्सा होता. संशोधनाची पाच अंडी त्यात गेली. सर निमूट जेवले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

परतीच्या एसटीत फरहत अर्धा रस्ता खिडकीबाहेरची शेतं बघत बसली. मग एकदम म्हणाली, "आता गावभर होईल."

"होऊ दे."

"चंद्रपुरात येईल. तुमच्या पोरायले समजंल."

"येऊ दे." सरांनी घड्याळ पाहिलं. "अम्मीची बस साडेचारची आहे. आपण त्याच्या आधी पोचतो."

ते पोचले. पुढचं मला फरहतनेच नंतर सांगितलं, कॉलेजच्या त्याच नळावर उभं राहून. अम्मी बुरखा घालून, पिशवी घेऊन दारातच होती. सरांनी तिला पलंगावर बसवलं आणि सगळं सांगितलं. तिला आधी पटेना. बायकोसाठी खोटं बोलतोस म्हणाली. कुराणाची शपथ घे म्हणाली, ती त्यांनी घेतली. मग ती रडली. मग तिने विचारलं, ते नेमकं नाहीसं झालं तरी कधी? लहानपणी गोवर आला होता, तेव्हा? झाडावरून पडलास, तेव्हा?

"डॉक्टर कहते हैं, शायद पैदा होने से भी पहले," सर म्हणाले.

अम्मीने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "याने मेरे पेट में?"

फरहत सांगत होती आणि माझ्या हातातली परीक्षानळी तशीच राहिली होती. हा माणूस विज्ञानाच्या बाबतीत कधी एक शब्द इकडचा तिकडे करत नसे. विद्यार्थ्याने 'बहुधा'च्या जागी 'नक्की' लिहिलं तर अर्धा गुण कापायचा. आणि त्यांना ठाऊक होतं, की त्या पेशींची वाट सुरू होते आणि संपते ती आईच्याच पोटात, पहिल्या काही आठवड्यांत, आईला पुरती चाहूलही लागण्याआधी.

"नहीं, अम्मी," ते म्हणाले. "तेरे पेट में कुछ नहीं हुआ. वो रास्ते में रह गए. उसमें किसी का कुसूर नहीं होता."

अम्मी मग बल्लारशाहला गेली नाही. त्या रात्री तिने फरहतला जवळ बोलावून काही माफी वगैरे मागितली नाही. तशी ती बाई नव्हे. पण पुढे ती सुनेला 'बेटा' म्हणायला लागली, आणि मार्कंड्याची मुळी उगाळायची सहाण मोलकरणीला देऊन टाकली.

गाजावाजा व्हायचा तो झालाच. फळ्यावर कोणीतरी काहीतरी लिहिलं. सरांनी ते वाचलं, डस्टरने पुसलं आणि त्या दिवसाचा धडा शिकवला. स्टाफरूममध्येही दोघा-तिघांनी खाकरून घेतलं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पुन्हा माझ्यासमोर तरी खाकरले नाहीत. महिना-दीड महिन्यात लोकांना चघळायला दुसरं काही मिळालं. तांबडीखालून अडीच दिवसांनी आणलेल्या अंड्यांवर औषधाचे प्रयोगही झाले. धागे विरघळलेल्या पेशी रक्तवाहिन्यांतच अडकून राहिल्या, पोचल्या नाहीत. सरांना वाटलं होतं तसंच निघालं. तीन वर्षांनी ते डॉक्टर झाले. नोटीस बोर्डावर चिठ्ठी लागली, पेढे वाटले गेले आणि मुलं त्यांना कोंबडीवाले सरच म्हणत राहिली.

तांबडीखाली उरलेल्या अंड्यांतून आईची सगळीच्या सगळी पिल्लं निघाली. एकही अंडं वाया गेलं नाही. आईने जाहीर करून टाकलं, की मास्तरच्या बायकोच्या हाताला गुण आहे. मग दर थंडीत निरोप यायचा, "थ्या बाईले पाठव, कोंबडी बसवाची हाय." सरांना तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांसाठी अंडी लागायचीच. तेव्हा दोघं जायचे. पुढे पुढे मंगलीही आपली टोपली घेऊन आमच्या आंगणात यायची. फरहत बसून अंडी मांडायची आणि सर खुंट्यापाशी उभे राहायचे. आईने रीत काही सोडली नाही, ती फक्त योग्य माणसाला लावली. मी कधीकधी चिडून म्हणायचे, "सर, तुम्ही तरी तिला समजवा, हे सगळं थोतांड आहे." सर म्हणायचे, "राहू द्या हो, मॅडम."

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात आई गेली. त्या थंडीत मला वाटलं, आता हे यायचे नाहीत. पण आले. आंगणात आता माझ्या धाकट्या भावाची, दसरूची बायको होती. सीता तिचं नाव, त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. आईच्या कोंबड्या तिने नेटाने सांभाळल्या होत्या. तिने टोपलीत तणीस घातलं, कोठीतली अंडी काढली. फरहत न्हाणीपाशी हात धुवत होती. सर जवळ उभे होते, तर सीताने अंडी ठेवलेलं सुपडं त्यांच्यापुढेच धरलं.

"घ्या ना जी मास्तर, तुमीच ठेवा. पटकन होऊन जाईन."

सर दोन पावलं मागे झाले. खुंटा आता राहिला नव्हता, दसरूने तो काढून टाकला होता. पण कुठे उभं राहायचं ते त्यांना ठाऊक होतं.

"नाही वहिनी," ते म्हणाले. "माझा हात चालत नाही इथी. फरहतले द्या."

"काऊन जी?" सीता हसली. "इतके शिकले तुमी, अन् असं मानता?"

"मानत नाई. पण फरहतचंच काम आहे ते."

मी काही सांगायला पुढे होणार होते, पण त्यांनी माझ्याकडे बघून मानेनेच नको म्हटलं. न्हाणीकडून फरहत आली. तिने ओढणी डोक्यावरून नीट घेतली, सीताच्या हातातलं सुपडं घेतलं आणि बैठक मारून पहिलं अंडं तणसात ठेवलं. सर जिथे खुंटा होता तिथे उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे घेऊन, आणि ती उठेपर्यंत त्यांनी ते पुढे आणले नाहीत.